खाऱ्या पाण्यातली भाऊबंदकी

मागच्या महिन्यात आईचा गावाहून फोन आला. पाऊस झाला, सोयाबीन झालं, कुणाकुणाची लग्नं ठरली ते झालं आणि मग तिने ठेवता ठेवता नेहमीचा प्रश्न विचारला, "त्या काळ्याला जोडीदार आणला का रं?"

मंडळी, हा काळ्या म्हणजे माझ्या घरातल्या टाकीतला समुद्री मासा. पुस्तकातलं नाव डॉमिनो डॅमसेल. लहान असताना काळाभोर, कपाळावर एक आणि दोन्ही अंगांवर एकेक पांढरा ठिपका, म्हणून डॉमिनो. दुकानात असतो तेव्हा अंगठ्याच्या पेराएवढा. दिसायला गोजिरा, आणि स्वभावाने... सांगतोच.

आईला गेली काही वर्षं मी एकच उत्तर देतोय, "नाही आणला." का नाही आणला हे मात्र तिला फोनवर समजावून सांगणं जमलेलं नाही. म्हणून म्हटलं, सविस्तर लिहूनच काढावं. धाकटी बहीण तिला वाचून दाखवेल.

मी मूळचा धर्मापुरीचा. बीड जिल्ह्यातलं गाव, केदारेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ आणि जुना किल्ला यांच्या आडोशाला वसलेलं. समुद्र चारशेहून जास्त किलोमीटर लांब. आमच्याकडे मासा म्हणजे तळ्यातली मरळ, नाहीतर बाजारात येणारे रोहू-कटला. पाणी खारट निघालं तर विहीर वाया गेली, एवढाच आमचा खाऱ्या पाण्याशी संबंध. त्यामुळे मी पहिल्यांदा टाकीसाठी मीठ कालवायला बसलो तेव्हा आई शेजारी उभी राहून बघत होती. अडीचशे लिटर पाणी, लिटरला पस्तीस ग्रॅम, म्हणजे पावणेनऊ किलो मीठ! ती म्हणाली, "चांगलं गोडं पाणी नासवायला लागलास की रं." ज्या बाईने आयुष्यभर डोक्यावरून पाणी वाहिलंय तिच्यासमोर मला काही बोलता आलं नाही.

हे वेड लागलं ते १९८३ च्या मे महिन्यात. मी नऊ वर्षांचा होतो. मामाकडे डोंबिवलीला सुट्टीत आलो होतो आणि मामाने चर्नी रोडला उतरून तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं. मरिन ड्राइव्हवरची ती इमारत १९५१ साली उभी राहिली. खर्च आठ लाख, त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांचे, म्हणून त्यांचं नाव. उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की अंधाऱ्या खोलीत भिंतीला खिडक्या आहेत आणि खिडकीपलीकडे दुसरंच जग आहे. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन ते मोठ्या थाटात पुन्हा उघडलं होतं, २०२० च्या साथीत बंद पडलं. असो.

तर, त्या दिवशी मी मामाला विचारलं होतं, "हे सगळे वेगळ्या वेगळ्या खोलीत का?" मामा म्हणाला, "एकत्र ठेवले तर भांडतात." मला ते पटलं. आमच्या वाड्यातही तेव्हा नुकतीच मधे भिंत घातली होती.

आता थोडं मागे जातो, कारण या "कुणाला कुणाबरोबर ठेवावं" प्रश्नाचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

टाकीतला पहिला विचारपूर्वक निवडलेला शेजारी मासा नव्हता, गोगलगाय होती. लंडनमधला रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ. १८५० च्या सुमाराला त्याने काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि पाणवनस्पती ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देईल, मासा जगेल, असा हिशेब. पण वनस्पतीची पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ झालं. मग त्याने पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, पाणी निवळलं आणि त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. म्हणजे शेजारी निवडायचा तो त्याचं काम बघून, ही पहिली अक्कल.

त्यानंतर १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं. घरोघरी टाक्यांची लाट आली. आपल्याकडे मद्रासला १९०९ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर मत्स्यालय झालं, मग मुंबईला १९५१ मध्ये. पण या सगळ्या काळात लोकांची मुख्य काळजी होती ती पाण्याची. मासा जगतो की मरतो, हाच प्रश्न. भांडणाचा प्रश्न सार्वजनिक मत्स्यालयांनी मामाच्या पद्धतीने सोडवला. वेगळी खोली द्या, विषय संपला.

घरच्या माणसाकडे मात्र खोली एकच असते.

आणि समुद्र घरात यायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. त्या दशकात पाण्यात कालवायचं तयार समुद्री मीठ बाजारात आलं. साधं मीठ चालत नाही बरं का, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बरंच काही लागतं. त्याच सुमाराला, १९६१ मध्ये, जाकार्ताच्या ली चिन एंग याने समुद्रातले जिवंत जीवजंतू असलेले खडकच टाकीत ठेवून पाणी स्वच्छ ठेवायची पद्धत जगापुढे मांडली. आता समुद्रापासून कितीही लांब राहणारा माणूस समुद्री मासा पाळू शकत होता. आणि तेव्हाच हौशी लोकांना कळायला लागलं की पाणी उत्तम आहे, खाणं उत्तम आहे, तरी सकाळी एक मासा मेलेला सापडतो. शेपटी फाटलेली, खवले उडालेले.

माझ्याकडे हेच झालं.

नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू टाकीत रुजायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर नाजूक मासा टिकत नाही. म्हणून जुन्या काळापासून प्रघात असा, की आधी एखादा स्वस्त आणि चिवट मासा सोडायचा, त्याच्या जिवावर टाकी तयार करायची आणि मग बाकीचे आणायचे. हल्ली मासा न सोडता, बाहेरून अमोनिया घालूनही हे करतात आणि तेच बरं. पण मी २०१७ मध्ये टाकी मांडली तेव्हा मला दुकानदाराने डॉमिनो दिला. "साहेब, हा काही केल्या मरत नाही." त्याचं खरं होतं. त्याने फक्त पुढचं सांगितलं नाही.

पुढचं असं, की जो आधी आला तो मालक. माशांच्या जगात हा नियम पक्का आहे. डॉमिनोने दीड महिन्यात टाकीतला एकूण एक दगड आपल्या नावावर करून घेतला. त्यातली मधली कपार त्याचं घर. बाकीचं सगळं त्याचं अंगण. आमच्याकडे मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा कूळकायदा होता, पण त्या कायद्यालाही इतका बळकट ताबा देता आला नसता!

२०१८ च्या दिवाळीत आई आली होती. दोन दिवस ती टाकीसमोर पाटावर बसून काळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एकलंच हाय की रं ते लेकरू. त्याला त्याच्यातलंच एक आण." मलाही पटलं. कुणाला पटणार नाही? परक्या गावात माणसाला आपल्याकडचं कुणी भेटलं की किती बरं वाटतं. मी त्याच संध्याकाळी जाऊन दुसरा डॉमिनो आणला, थोडा लहान. पिशवीतलं पाणी हळूहळू मिसळून, रीतसर सोडला.

रात्री दिवा मालवेपर्यंत पाठलाग चालला होता. मला वाटलं, ओळख करून घेतायत. सकाळी आई माझ्याआधी उठली होती. मी आलो तर ती टाकीकडे पाठ करून बसलेली. नवा मासा पंपाच्या जाळीला चिकटला होता. परांची लक्तरं झाली होती. आई एवढंच म्हणाली, "मीच सांगितलं व्हतं." ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही.

आई, हे तुझ्यासाठी लिहितोय. चूक तुझी नव्हती. माणूस म्हणून जे सुचावं तेच तुला सुचलं. माहिती मी काढायला हवी होती, आणि ती अर्धशतक आधीपासून छापलेली होती.

कोनराड लोरेंझ नावाचा ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ होता. १९७३ मध्ये त्याला नोबेल मिळालं, दोघांबरोबर वाटून. १९६३ मध्ये आलेलं त्याचं आक्रमकपणावरचं पुस्तक सुरू होतं तेच मुळी प्रवाळातल्या माशांपासून. आधी त्याने टाक्यांमध्ये ठेवून मासे पाहिले, मग फ्लोरिडाच्या समुद्रात डुबक्या मारून पाहिले. त्याला दिसलं ते असं, की एका टाकीत अनेक जातींचे मासे ठेवले तर बहुतेक चावे आपल्याच जातीवाल्याला बसतात. शेजारून वेगळ्या रंगाचा, वेगळ्या चणीचा मासा गेला तर ढुंकून बघत नाहीत. स्वतःसारखा दिसला की धावून जातात. प्रवाळातल्या माशांचे भडक रंग म्हणजे, त्याच्या मते, जणू घरावर लावलेली पाटीच. आपल्यातला असशील तर लांब राहा, ही जागा भरलेली आहे. डॅमसेल मंडळी मात्र आपल्या कपारीजवळ येणाऱ्या परक्यांवरही धावतात, हेही त्याने टिपून ठेवलं होतं.

हे वाचलं तेव्हा मला एकच शब्द आठवला. भाऊबंदकी! या शब्दाला दुसऱ्या भाषेत नेमका शब्द नसावा. आमच्याकडे बांधावरून कोर्टात गेलेली माणसं बघा. एकही प्रकरण परक्याशी नसतं. चुलतभाऊ, सख्खे भाऊ, काका-पुतणे.

पण लोरेंझचं म्हणणं अर्धंच उत्तर होतं. आपल्यातल्यालाच का मारायचं? १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवर एका छोट्या डॅमसेल माशाचा अभ्यास छापून आला. हा मासा दगडावर शेवाळाचा तुकडा राखून असतो, एखाद्या शेतकऱ्यासारखा. तो इतर जातींच्या माशांनाही हाकलतो, पण सरसकट सगळ्यांना नाही. शेवाळ खाणाऱ्यांना हाकलतो आणि ज्यांना त्या शेवाळात रस नाही त्यांना बहुतेक जाऊ देतो. म्हणजे वैर जातीशी नाही, गरजेशी आहे. ज्याला तेच हवं जे मला हवं, तो शत्रू. आणि आपल्याच जातीवाल्याला तर सगळंच तेच हवं असतं. तेच खाणं, तेच बीळ, तीच जोडीदारीण. म्हणून सगळ्यात जास्त मार त्याला.

वॉरिंग्टनच्या गोगलगाईपासून इथपर्यंत यायला सव्वाशे वर्षं लागली. शेजारी निवडताना विचारायचं ते त्याला काय हवं आहे हे. कुणासारखा दिसतो, कुठल्या समुद्रातला, हे नंतर.

दुसरी गोष्ट मला कुठल्या पुस्तकाआधी टाकीनेच शिकवली. समुद्रात डॉमिनो कुणाला मारत नसतो, हाकलत असतो. हरलेला चार हात लांब गेला की भांडण संपलं. माझ्या टाकीत हरलेल्याला जायला जागाच नव्हती. साडेतीन फुटांवर काच. पळून पळून तो परत त्याच कपारीसमोर येत होता, आणि काळ्याला वाटत होतं की हा पुन्हा चाल करून आला. काळ्याला आपण आक्रमक म्हणतो, पण त्या रात्री खून झाला तो काचेमुळे, आणि काच मी आणली होती.

मग पुढे काय केलं? काळ्याला परत द्यायचा विचार केला, पण दुकानदार घेईना. एक मित्र म्हणाला, वर्सोव्याला नेऊन सोडून दे. हे कधीही करू नये. लायनफिश हा आपल्या हिंद-प्रशांत भागातला विषारी काट्यांचा मासा. १९८५ मध्ये तो फ्लोरिडाच्या किनाऱ्याला पहिल्यांदा सापडला, बहुधा कुणाच्या तरी टाकीतून सुटलेला. पुढे त्याची प्रजा अख्ख्या कॅरिबियन समुद्रात पसरली आणि तिथले छोटे मासे फस्त करत सुटली. टाकीतला मासा टाकीतच राहिला पाहिजे.

तेव्हा काळ्या राहणार हे ठरलं. आता त्याच्याशी पटेल असा शेजारी शोधायचा होता, आणि काळ्याला काय हवं असतं हे मला एव्हाना कळलं होतं. मधली कपार, आणि पाण्याच्या मधल्या थरात तरंगणारं खाणं. ज्याला या दोन्हींत रस नाही असा मासा हवा.

पहिली निवड स्नोफ्लेक मोरे ईल. आपल्या वामीसारखी लांब, पांढऱ्या अंगावर काळ्या नक्षीची. ती तळाशी, दगडांखालच्या लांबट बोगद्यात राहते, खेकडे-कोळंबी खाते, वास घेत घेत संध्याकाळी बाहेर पडते. तिला पकडून हाकलायला काळ्याला सोयीचं असं काही तिच्या अंगावर नाहीच. दुसरी निवड रॅस कुळातला एक हिरवट लांबोडा मासा. तो दिवसभर फिरतो आणि रात्री वाळूत स्वतःला पुरून घेतो. म्हणजे कपारीचा प्रश्नच मिटला. दोघांसाठी टाकीवर घट्ट झाकण मात्र लागतं. ईल फटीतून निसटते, रॅस उडी मारतो.

मग क्रम. काळ्याला चार दिवस बादलीत, पंप लावून, बाहेर काढलं. टाकीतले दगड सगळे हलवले, जुनी कपार मोडली, नव्या कपारी केल्या. हे दगडही सांगण्यासारखे आहेत. २००१ पासून आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, त्यामुळे प्रवाळाच्या वाटेला मी गेलो नाही. गावाकडचे काळे बेसाल्टचे दगड आणले, घासून, उकळून. आमच्या बांधावरचेच. तर, नवे दोघं आधी सोडले, चार दिवस रुळू दिले आणि शेवटी काळ्याला सोडलं. मालक पाहुणा होऊन परत आला! दोन दिवस गोंधळल्यासारखा फिरला, मग त्याने उजव्या कोपऱ्यातली एक कपार धरली. धावून जातो अजूनही, पण दोन वीत जाऊन परत फिरतो. आज इतकी वर्षं झाली, एकाचीही शेपटी फाटलेली नाही. आता तो चांगला तळहाताएवढा झालाय, ठिपके पुसट झालेत.

कुणी आणखी दांडगे मासे पाळणार असाल तर विचार हाच. लायनफिशच्या तोंडात मावेल तो त्याचा शेजारी नसतो, त्याचं जेवण असतं, म्हणून शेजारी अंगाने मोठा हवा. पण ट्रिगरफिश त्याच्यासोबत नको, तो लायनफिशचे लांब पर कुरतडतो. ट्रिगरमध्येही क्लाउन ट्रिगर लहानपणी गरीब दिसतो आणि वाढला की कुणालाच टिकू देत नाही. असा मासा एकटा राहिला तर त्यात दुःख मानू नये. एकटेपणा हे आपलं दुःख, त्याचं नव्हे.

आता शेवटचं, नातेवाईक वाचतात म्हणून जपून लिहितो. लोरेंझने माशांवरून माणसांपर्यंत उडी मारली आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. ती रास्त होती. मीही वर भाऊबंदकी हा शब्द वापरून तीच उडी मारली आहे. माणूस बोलू शकतो, मासा बोलू शकत नाही. पण आमच्या घरात चौतीस वर्षं कुणी बोललं नाही, हेही खरं. अण्णा गेले तेव्हा काका भिंतीपलीकडे होते आणि भिंतीपलीकडेच राहिले.

गेल्या वर्षी चुलतभावाने आणि मी मिळून सरकारी मोजणी आणली. बांध दीड हात त्याच्याकडे सरकला होता, विहिरीजवळ हातभर माझ्याकडे. दोघांनी नव्या खुणांवर दगड रोवले. विहीर सामाईक होती, तिचे वार ठरवून घेतले, तीन दिवस त्याचे, तीन माझे, एक दिवस मोकळा. हे सगळं उरकल्यावर तो म्हणाला, "चहा घे." पस्तीस वर्षांनी त्या दारातून आत गेलो. चुलीजवळचा कोनाडा तसाच होता, आमच्या बाजूला आहे तसाच, फक्त उलटा.

आई, त्या दिवशी तू ओट्यावर बसून आम्हाला दगड रोवताना बघत होतीस. काळ्याला जोडीदार आणलेला नाही. त्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या कपारीचा वरचा दगड आपल्या विहिरीजवळच्या बांधावरचा आहे, जुन्या बांधावरचा. तू आलीस की दाखवतो.